भातातले खडे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्यावर कुणी परिसंवाद भरवत नाही. महागाई, बेकारी, पूर, अपघात या मोठ्या गोष्टी. त्यांच्यावर अग्रलेख येतात, विधानसभेत प्रश्न विचारले जातात. पण सकाळी घराबाहेर पडल्यापासून रात्री दाराला कडी लावेपर्यंत माणूस ज्या बारीकसारीक गोष्टींनी कावून जातो, त्यांची दाद कुठे मागायची? लिफ्ट बंद, सुट्टे नाहीत, रिक्षा थांबत नाही, फलाट ऐनवेळी बदलला. यातल्या एकेका गोष्टीची तक्रार करायला गेलो, तर आपल्यालाच लाज वाटते. ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात!’ असं घरचेच म्हणतात. आपल्याकडे म्हण आहेच, रोज मरे त्याला कोण रडे.

मला ही गोष्ट भातातल्या खड्यासारखी वाटते. ताटभर भात चांगला शिजलेला असतो, वरण गरम असतं, वर तुपाची धारही असते. पण एक बारीकसा खडा दाताखाली कचकन आला, की तो घास तर जातोच, पुढचे चार घासही आपण जपून खातो. खडा केवढा, भात केवढा! पण लक्षात राहतो तो खडाच.

मी गेली तीसेक वर्षं वांद्र्याला राहते. पूर्वेला. हे ‘पूर्वेला’ मुद्दाम सांगावं लागतं, कारण वांद्रे म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाली हिल, बँडस्टँड आणि नटांचे बंगले उभे राहतात. ‘अरे वा, मग रोज दर्शन होत असेल!’ असं म्हणणारे पाहुणे मला दर दिवाळीला भेटतात. दर्शन होतं ते कलानगरच्या सिग्नलचं.

आमच्या गावाच्या कुरबुरी त्याच्या नावापासूनच सुरू होतात. लोकलमध्ये उद्घोषणा होते, ‘पुढील स्टेशन वांद्रे’. लगेच हिंदीत ‘बांद्रा’, आणि मग इंग्रजी ढंगात पुन्हा ‘बँड्रा’. एकाच फलाटावर एकाच दमात तीन गावं येऊन जातात. पोर्तुगीजांच्या कागदांत ते ‘बांदोरा’ होतं. आमच्या पत्त्यावर आजवर आलेल्या लग्नपत्रिका मी जपून ठेवल्या असत्या, तर वांद्रे हा शब्द किती तऱ्हांनी लिहिता येतो याचा एक छोटा कोश तयार झाला असता. रस्त्यांचंही तेच. हिल रोडचं अधिकृत नाव रामदास नायक मार्ग, टर्नर रोडचं गुरु नानक रोड. एस. व्ही. रोडला आमच्या सासूबाई अजून घोडबंदर रोडच म्हणतात. पाटीवर एक, लोकांच्या तोंडी दुसरं आणि रिक्षावाल्याच्या डोक्यात तिसरंच, अशी स्थिती.

त्यात आणखी एक गंमत म्हणजे वांद्रे स्थानक वेगळं आणि वांद्रे टर्मिनस वेगळं. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे कळत नाही, आणि त्यांचा त्यात काही दोष नाही. दोन्हींच्या नावात वांद्रे आहे, दोन्ही रेल्वेचीच आहेत. पण टर्मिनसला उतरलेला माणूस ‘आता पलीकडच्या फलाटावरून लोकल पकडतो’ म्हणतो, तेव्हा त्याला सांगावं लागतं की बाबा, त्यासाठी आधी सामान उचलून बाहेर ये. २०२४ साली इथून मडगावला गाडी सुरू झाली आणि आम्हा कोकणवाल्यांना आनंद झाला. गाडी आधी उत्तरेला वसईपर्यंत जाते आणि तिथून वळून कोकणची वाट धरते, ते असो. तेव्हापासून आमच्या सिंधुदुर्गातल्या पाहुण्यांचा फोन ठरलेला. ‘वांद्र्याला उतरलो, पण हे तुमचं वांद्रे दिसत नाही.’

आता पूर्व आणि पश्चिम. मुंबईबाहेरच्या माणसाला या दोन शब्दांची धास्ती कळायची नाही. वांद्र्यात रेल्वेचे रूळ म्हणजे नदीच आहे. पायात बळ असेल तर पादचारी पुलाने पाच-सात मिनिटांत पलीकडे जाता येतं. पण पायऱ्या चढता येत नसतील, तर वाहनाने कलानगरकडून वळसा घ्या, नाहीतर वर खारच्या सबवेने जा. समोर दिसणाऱ्या इमारतीत पोहोचायला गर्दीच्या वेळी अर्धा तास लागतो. महापालिकेचा विभागही बदलतो. आम्ही एच पूर्व, रुळांपलीकडचे एच पश्चिम. आणि मधल्या रुळांचा मालक तिसराच. त्यामुळे पुलाच्या तोंडाशी दिवा बंद असला, तर तो कुणाचा दिवा, हे ठरवण्यातच त्याची अमावास्या लांबत जाते.

वांद्र्याला आणखी एक सीमा आहे, ती माहीमच्या खाडीची. उपनगरातल्या रिक्षाला शहरात शिरायची परवानगी नाही. पश्चिम उपनगरांतून येणारी रिक्षा वांद्र्याला थांबते, पुढे टॅक्सी करा. म्हणजे माहीमच्या रुग्णालयात कुणाला भेटायला जायचं, तर डबा, थर्मास, फळांची पिशवी घेऊन एका वाहनातून उतरायचं आणि दुसरं शोधायचं.

या खाडीवरून आठवलं. एकेकाळी ही खाडी होडीने ओलांडावी लागे. पावसाळ्यात ते जिवावरचं काम होतं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. त्यांनी अट घातली होती की, या रस्त्यावर कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. त्यानंतर बरोबर १६४ वर्षांनी, २००९ साली, जवळूनच वांद्रे-वरळी सागरी सेतू सुरू झाला. साडेपाच किलोमीटरहून लांब, देखणा. त्यावर टोल आहे. शिवाय रिक्षाला, दुचाकीला आणि पायी चालणाऱ्याला तिथे प्रवेश नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने सेतू मोठाच आहे. पण सामान्य माणसाची रोजची अडचण ओळखून तिच्यावर उपाय करणारी दृष्टी त्या बाईंची होती, हे मला नमूद करावंसं वाटतं.

अडचण न ओळखता केलेला उपाय कसा असतो, हेही वांद्र्याने पाहिलं आहे. मुंबईतला पहिला स्कायवॉक २००८ साली वांद्रे पूर्व स्थानकापासून कलानगरच्या दिशेने बांधला गेला. कल्पना चांगली होती. पण चढायला जिने, उतरायला जिने, आणि खाली रस्त्यावर भाजी, फुलं, वडापाव. माणसं बरीचशी खालूनच चालत राहिली. पुढे २०१९ मध्ये तो धोकादायक म्हणून बंद केला आणि नंतर पाडावाच लागला. म्हणजे जेमतेम अकरा वर्षं. दुर्दैव असं, की तो गेल्यावर त्याची किंमत कळली. स्थानकाबाहेरून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, म्हाडाकडे, न्यायालयाकडे जाणारे हजारो लोक रिक्षा, बस आणि खोदकाम यांच्या मधून वाट काढत चालू लागले. यात कुणाचे पाय तुटले, अशी बातमी येत नाही. फक्त रोज चपलेत चिखल, रोज कुणाचा तरी धक्का.

असाच दुसरा खडा हॉर्नचा. सिग्नल लाल आहे, पुढे शंभर गाड्या आहेत, तरी मागचा हॉर्न दाबूनच बसलेला असतो. जणू त्या आवाजाने दिवा हिरवा होणार आहे. ट्रकच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ आपण इतकी वर्षं वाचत आलो, की हॉर्न वाजवणं हा शिष्टाचारच होऊन बसला. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने व्यापारी वाहनांवर ही अक्षरं लिहायला बंदी केली. आणि २०२० च्या जानेवारीत मुंबई वाहतूक पोलिसांनी एका प्रयोगाची चित्रफीत प्रसिद्ध केली, ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. काही सिग्नलना आवाज मोजणारं यंत्र जोडलं होतं. गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात. जितका हॉर्न वाजवाल, तितकं थांबाल. ज्या ठिकाणी हा प्रयोग झाला त्यांत आमचं वांद्रेही होतं, हा आमचा गौरव समजायचा की काय, ते तुम्हीच ठरवा. पण मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. हॉर्नसारख्या ‘एवढ्याशा’ त्रासाकडे सरकारी खात्याने गांभीर्याने पाहिलं आणि दंडाच्या पावतीऐवजी थोडी कल्पकता वापरली.

सुट्ट्या पैशांचं तर काय सांगावं! पूर्वी दुकानदार चार आण्यांऐवजी गोळी हातावर ठेवायचा. २०११ च्या जूनअखेर चार आणेच चलनातून गेले, गोळी मात्र राहिली. रिक्षाचं किमान भाडं २०२५ च्या फेब्रुवारीपासून २६ रुपये झालं. आता तीस रुपये दिले की चार रुपये परत यायला हवेत, आणि ते चार रुपये रिक्षावाल्याकडेही नसतात, आपल्याकडेही नसतात. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाली हे खरंच, तरुण मुलं चुटकीसरशी देतात. पण ज्यांना ते जमत नाही, त्यांची अवस्था अधिकच अवघड झाली, कारण आता सुट्टे ठेवायची सवयच समोरच्याची गेली आहे.

मंडळी, तुम्ही म्हणाल, या बाईंना रडगाणं गायला बोलावलं आहे का? तसं नाही. आता मी मुद्द्यावर येते. या खड्यांनी नेमकं होतं काय?

१९८१ साली अमेरिकेत ॲलन कॅनर, रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. तोवर मानसशास्त्रात समज असा होता की, माणसाची प्रकृती बिघडवतात त्या मोठ्या घटना. जवळच्या माणसाचा मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं. या मंडळींनी रोजच्या ११७ कटकटींची एक यादी केली. वस्तू हरवणं, वाढत्या किमती, घराची दुरुस्ती, वजन, कामांचा ढीग. कॅलिफोर्नियातल्या मध्यमवयीन शंभर माणसांना महिनोन्‌महिने ही यादी भरायला दिली. निष्कर्ष असा निघाला की, माणसाच्या मनावरचा ताण मोठ्या घटनांपेक्षा या रोजच्या कटकटींवरून अधिक चांगला ओळखता येतो. म्हणजे आपल्या आजीने जे एका ओळीत सांगितलं होतं, थेंबे थेंबे तळे साचे, ते त्यांनी मोजून दाखवलं. त्यांनी सोबत दुसरीही यादी केली होती, रोजच्या लहान आनंदांची. ती १३५ गोष्टींची, म्हणजे कटकटींहून लांब होती, हे मी मुद्दाम सांगते.

दुसरे एक गृहस्थ डेव्हिड मेस्टर. रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय चालतं, यावर त्यांनी १९८५ साली लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं आहे. किती वेळ थांबायचं हे माहीत नसलं, की तोच वेळ लांब वाटतो. का थांबायचं हे कुणी सांगितलं नाही, की आणखी लांब वाटतो. आणि आपल्यानंतर आलेला आपल्या आधी गेला, तर मग तो सहनच होत नाही. रिक्षाच्या रांगेत ज्याने पंधरा मिनिटं काढली आहेत, त्याला हे सांगायला परदेशी माणूस कशाला हवा! पण यातून एक समजतं, की त्रास केवळ वेळ जाण्याचा नसतो. आपल्याला कुणी खिजगणतीत धरत नाही, हे त्यातलं खरं दुखणं असतं.

याचं एक उदाहरण माझ्या घरातलंच आहे. माझ्या सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. वाचनाची दांडगी आवड. दर मंगळवारी पश्चिमेच्या वाचनालयात जायचं, पुस्तक बदलायचं, तिथे दोन मैत्रिणी भेटायच्या, त्यांच्याशी तासभर बोलायचं आणि परत यायचं, हा त्यांचा कितीतरी वर्षांचा नेम. गुडघे साथ देत होते तोवर पुलावरून जात. पुढे पायऱ्या बंद झाल्या, म्हणून रिक्षा. आणि रिक्षा थांबेना. अंतर कमी, मध्ये वाहतुकीची कोंडी, परतीचं भाडं मिळेल याची खात्री नाही. पहिला मान हलवून पुढे जातो, दुसरा ‘गॅस भरायचाय’ म्हणतो, तिसरा काही न बोलताच जातो. सासूबाई हातात काठी आणि पुस्तकाची पिशवी घेऊन उभ्या. एका मंगळवारी सात रिक्षा गेल्या. त्या परत आल्या आणि म्हणाल्या, ‘राहू दे गं. आता डोळ्यांनाही त्रासच होतो वाचताना.’

डोळ्यांना काही त्रास नव्हता. मी त्यांना रोज सकाळी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं चष्म्याशिवाय सोडवताना बघत होते. पुढचे तीन मंगळवार त्या गेल्याच नाहीत. चौथ्या मंगळवारी मैत्रिणीचा फोन आला, तर ‘बरं नाही’ म्हणाल्या. मंडळी, इथे मला या विषयाचं गांभीर्य कळलं. तरुण माणूस खडा थुंकतो आणि जेवत राहतो. म्हातारं माणूस ताटच बाजूला सारतं. कुणी त्यांना घरात कोंडलं नाही, कुणी अपमान केला नाही. फक्त सात जणांनी ‘नाही’ म्हटलं, आणि एका बाईंचं जग दोन खोल्यांएवढं झालं.

कायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १७८ व्या कलमानुसार भाडं नाकारणं हा गुन्हा आहे. पण त्यासाठी गाडीचा नंबर टिपायला हवा, वेळ, ठिकाण लिहायला हवं, तक्रार करायला हवी. काठी टेकून उभ्या असलेल्या ऐंशी वर्षांच्या बाईने धावत्या रिक्षाचा नंबर टिपायचा, ही अपेक्षा आहे. म्हणून ती सात नकारांची गोष्ट कुठल्याच दप्तरात नाही. दप्तरात नाही म्हणून ती घडलीच नाही.

मग मी एक केलं. आमच्या नाक्यावर रोज उभा राहणारा एक रिक्षावाला आहे, त्याला विचारलं, ‘दादा, खरं सांगा, जवळचं भाडं का नको असतं?’ रागावून नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं. तो आधी हसला. मग म्हणाला, ‘मॅडम, स्टेशनच्या रांगेत पाऊण तास घालवून नंबर लागतो. तेवढ्यात जवळचं भाडं आलं की ट्रॅफिकमध्ये अर्धा तास जातो, हातात किमान भाडं पडतं, आणि परत रांगेत शेवटी. शेअरला बीकेसीची तीन माणसं बसली तर माझं बरं असतं. संध्याकाळी मालकाला गाडीचं भाडं द्यायचंय, गॅसच्या रांगेत वेगळा तास. मलाही घरी म्हातारी आहे, मॅडम. पण मी काय करू?’

त्याच्या भातात माझ्याहून जास्त खडे होते. त्याने नकार देणं बरोबर ठरतं असं मी म्हणत नाही. पण उपाय कुठे आहे, हे त्याच्याच बोलण्यात दडलेलं होतं. जवळची फेरी करून आलेल्या रिक्षाला रांगेत पुन्हा पुढे घ्यायचं, एवढा साधा नियम थांब्याथांब्यावर झाला, तर जवळच्या भाड्याची शिक्षा उरणार नाही. त्याला ना पूल लागतो, ना टेंडर. एक खडूची रेघ आणि ती पाळणारा एक माणूस पुरेल. वाहतूक खात्याने, रिक्षा संघटनांनी आणि महापालिकेने एकत्र बसून वांद्रे स्थानकाबाहेर हे करून पाहावं, असं माझं जाहीर सांगणं आहे.

तोवर आम्ही आमच्यापुरती सोय केली. आमच्या आणि शेजारच्या इमारतीत मिळून चौघी वृद्ध बायका आहेत, ज्यांना पश्चिमेला काही ना काही काम असतं. कुणाला वाचनालय, कुणाला डोळ्यांचे डॉक्टर, कुणाला बाजार रोड. त्या दादाशी बोलून मंगळवारी दुपारी चारची वेळ ठरवली. मीटरने जायचं, तिथे तो थांबतो, थांबल्याचे वेगळे पैसे, परत मीटरने. तिघी एका वेळी जातात, चौथी पुढच्या आठवड्याला. दोनदा तो आलाच नाही. एकदा गाडी बिघडली म्हणून, एकदा गावी गेला म्हणून. सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. पण सासूबाईंचं पुस्तक पुन्हा बदलू लागलं आहे आणि डोळ्यांची तक्रार बंद आहे.

२०२४-२५ मध्ये आमच्याकडे भुयारी मेट्रो आली. वांद्रे कॉलनी नावाचं स्थानक झालं, बीकेसीला गारेगार बसून जाता येतं. जमिनीखाली फोन लागत नाही म्हणून लोक कुरकुरले. मी हसले नाही. कारण ‘मेट्रो दिली, आता फोनही हवा का?’ असं म्हणणं सोपं आहे, पण रुग्णालयात माणूस असलेल्या प्रवाशाला ती वीस मिनिटं कशी जात असतील, हे त्यालाच माहीत. मोठी सोय झाली म्हणून लहान गैरसोय सांगू नये, असा काही नियम नाही. उलट सोयी करणाऱ्यांना ती सांगितलीच पाहिजे.

माझी आपल्याला एवढीच विनंती आहे. घरातलं म्हातारं माणूस ‘राहू दे, आता जावंसं वाटत नाही’ म्हणालं, तर त्या वाक्यावर लगेच विश्वास ठेवू नका. ते कुठल्या जिन्याला, कुठल्या रस्त्याला, कुठल्या नकाराला कंटाळलं आहे, ते विचारा. एका वहीत तारीख-वार लिहून ठेवा. आणि ती वही महिन्याने वॉर्ड ऑफिसात, नगरसेवकाकडे, वाहतूक चौकीत, जिथे जमेल तिथे दाखवा. एकट्याने नको, इमारतीतल्या चौघांनी मिळून. भात निवडणं हे आपल्याकडे कधी कमी दर्जाचं काम मानलं गेलं नाही. सूप मांडीवर घेऊन बाया ते अंगणात बसून करायच्या, गप्पा मारत करायच्या, आणि मग सगळं घर निर्धास्त जेवायचं.